उत्तमच्या नावाचं लाकूड

मोरणबंदर, ठाणे
१२ ऑक्टोबर १९८८

चि. उत्तम,

पाकीट बघून तुला भलतीच शंका येईल, म्हणून आधीच लिहिते. घरात कुणी गेलेलं नाही, कुणी अंथरुणाला नाही. तुझे दादा ठीक आहेत. मीही ठीक आहे, गुडघे सोडून. मालन आणि मुलं कशी आहेत? मालनला म्हणावं, जाऊ म्हणून नाही तर निदान म्हातारी म्हणून कधी दोन ओळी लिहीत जा.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काम आहे म्हणूनच लिहायला बसले आहे.

श्रावणात देवळाची मधली तुळई मोडली. देऊळ म्हणजे आपलं संत अंतोनीचं. डोंबिवलीत राहून तू आता चर्च म्हणत असशील, पण इथे अजून किरिस्तांव काय नि कोळी काय, सगळे देऊळच म्हणतात. नशीब की भर दुपार होती आणि आत कुणी नव्हतं. कौलं, वासे, सगळं वेदीसमोर येऊन पडलं. तेव्हापासून दाराला कुलूप आहे. रविवारची मिस्सा इनास मास्तरांच्या अंगणात मांडवाखाली होते. बालवाडी बंद पडली. सिस्टर लोक औषधाचं कपाट घेऊन कधी याच्या तर कधी त्याच्या पडवीत बसतात, आणि आजारी माणसं त्यांना शोधत गावभर फिरतात.

इंजिनियर येऊन सगळं ठोकून बघून गेला. भिंती फिरंग्यांच्या काळच्या, त्यांना काही झालेलं नाही म्हणाला. छप्पर नवं करा, पण त्याला तशीच तुळई हवी. लोखंडाची नको, खाडीच्या वाऱ्याने लोखंड गंजून फुगतं नि भिंत फोडतं. सागवान हवं, एकसंध, आणि चांगलं मुरलेलं. एवढ्या लांबीचं मुरलेलं सागवान आता वखारीत कुठे मिळतं? नवे फादर भिवंडीपर्यंत फिरून आले. वखारवाले हसतात म्हणे.

तसं लाकूड आख्ख्या बंदरात एकच आहे, आणि ते तुझं आहे. आपल्या घरात मुलगा झाला की बापाने त्याच्या नावाने सागाचा सोट खाडीच्या चिखलात पुरायचा आणि तो मोठा झाला की त्यातून त्याच्या होडीचा कणा काढायचा, ही मामंजींच्या बापापासूनची रीत. दादांच्या लाकडाची होडी झाली. तुझं अजून खाजणात तसंच पडून आहे. ते देवळाला देशील का?

दादांनीच तुला लिहायला सांगितलंय. ते स्वतः लिहिणार नाहीत हे तुला माहीत आहे.

तुझी,
चंद्रभागावहिनी


मोरणबंदर
२० डिसेंबर १९८८

चि. उत्तम,

तुझं उत्तर नाही. काळुराम पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी मनाची घातली होती. दादांनी मला काही सांगितलेलं नाही. त्यांना या पत्रांचा पत्ताही नाही. मला वाटलं, त्यांचं नाव घातलं तर तुला उत्तर द्यावंच लागेल. आता वाटतं, त्यांचं नाव घातलं म्हणूनच तू दिलं नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि पीळ तुम्हा दोघांत अगदी सारखा आहे. मामंजींनी वाटणी करताना तेवढी एक गोष्ट बरोबर निम्मी निम्मी दिली.

देवळाची मीटिंग झाली. वरच्या रस्त्याला कंपन्यांच्या कॉलन्या झाल्या आहेत, तिथले किरिस्तांवही आता आपल्याच देवळाचे. शिकलेली माणसं आहेत, वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, डागडुजीत वेळ घालवू नका, पाडून स्लॅबचा हॉल बांधू. त्यातले एक साहेब म्हणाले, "आम्हाला पण फीलिंग आहे, पण थोडं प्रॅक्टिकल व्हायला पाहिजे ना. उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर जबाबदार कोण?" मग इनास मास्तर उठले. म्हणाले, "पाडायला एक दिवस लागतो. तो दिवस थोडा पुढे ढकलू." फादरांनी मुदत मागून घेतली. एकोणीसशे नव्वदच्या ईस्टरपर्यंत छप्पर चढलं तर देऊळ राहील, नाहीतर पाडायचं.

तू म्हणशील, किरिस्तांवांचं देऊळ, त्यांचं ते बघतील. तुला असं म्हणता येणार नाही. दरसाल पावसाआधी त्या छपरावर चढून ते शाकारायचा मान आपल्या घराचा आहे. कौलं उलथून झाली की आढ्यावर नारळ आपल्या माणसाने फोडायचा आणि खाली पाद्रीबाबाने हात जोडून उभं राहायचं. स्लॅबच्या हॉलला शाकारणी लागत नाही, मानही लागत नाही. दादा मीटिंगला मागे बाकावर बसले होते. घरी येताना खाजणाच्या बाजूला न बघता चालले. रोज बघतात.

आणि तू तर त्या देवळातच जन्मलास. खाडी गावात शिरली तेव्हा सगळं बंदर देवळाच्या माडीवर चढलं होतं, आणि गाणारी पोरं जिथे उभी राहतात तिथे सासूबाईंनी तुला जन्म दिला. मी तेव्हा या घरात आले नव्हते, पण ही गोष्ट लग्नाच्या हळदीतच ऐकली. पुढे सासूबाई गेल्या. तुला रोज बालवाडीला देवळाच्या पडवीत मी न्यायची आणि तू रडायचास म्हणून मागे बसून राहायची. बसून बसून मीच शिकले. तुझ्याच पाटीवर. आज तुला पत्र लिहिते ते त्या पडवीमुळे.

रोज वागळे इस्टेटला कामाला येतोस. माजिवड्यापर्यंत आलास की इथली रिक्षा मिळते. पत्र लिहायचं नसेल तर ये.

वहिनी


मोरणबंदर
९ फेब्रुवारी १९८९

चि. उत्तम,

तुझं कार्ड पोचलं. "लाकूड माझ्या होडीसाठी आहे. त्याला कुणी हात लावू नये." बस, एवढंच. मालनने तरी खाली "सर्व खुशाल" लिहायचं.

मी बाजारात गेले होते आणि कार्ड नेमकं दादांच्या हातात पडलं. त्यांनी ते इनास मास्तरांकडून वाचून घेतलं. मी घरी आले तर ओट्यावर बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचं लाकूड मांगणारी तू कोण? बापसानी त्याचे नावानी पुरलंय. तो बोलतंय ते बरोबर हाय." मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची माझ्यापाशी बोलायची सवय मुळातच कमी, त्यामुळे ते अबोल्यात आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मला तुझा राग आला, खरं लिहिते. मनात आलं, दोन गडी घेऊन मीच लाकूड काढते, कोण विचारतंय. पण तुझे दादा ते होऊ देणार नाहीत. तुझं लाकूड चिखलात धरून ठेवणाऱ्या खुंट्या सैल झाल्या की तेच जाऊन ठोकून येतात. तू गेल्यापासून दर साल ठोकतात. तुला हे कुणी सांगितलं नसेल.

काल ते बंदरावर गेले आणि आपल्या होडीत बराच वेळ बसून राहिले. भरती नव्हती, जाळंही बरोबर नव्हतं. परत आले नि म्हणाले, "आपली काढतंय." मला आधी समजेना. होडी मोडून तिचा कणा देवळाला द्यायचा म्हणत होते. लांबी पुरते म्हणाले. मी खूप बोलले, बोलू नये तेही बोलले. ते म्हणाले, "आता ती चिखलातल्या निवट्या मासळीपुरतीच जातंय. निवट्या कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पन मिलतात."

मन बदललं असेल तर उलट टपाली कळव. ते पाडव्यानंतर हात घालणार आहेत.

वहिनी


मोरणबंदर
२ मे १९८९

चि. उत्तम,

'मनुबाई' मोडली. सासूबाईंचं नाव दिलेली होडी, मोडली म्हणताना माझीच जीभ अडखळते. फळ्या एकेक सुट्या केल्या. खिळे उपटताना करकर आवाज यायचा तो घरापर्यंत ऐकू यायचा, मी मुद्दाम वरवंटा घेऊन बसायची. कणा मात्र अगदी ताजा निघाला. इंजिनियरने तो ठोकून बघितला, वाकून वास घेतला, आणि "हे मिळालं कुठे?" म्हणाला. दादा म्हणाले, "घरात होतं."

आता तुला एक गोष्ट सांगते. दादांनी तुझी होडी का केली नाही, याचं कारण तुला ते जे बोलले ते नव्हे. "तुझे हातात हत्यार शोभत नाय" असं ते तुला चार माणसांत बोलले. ते तू ऐकलंस आणि पिशवी उचललीस. आदल्या संध्याकाळी मला काय बोलले होते ते ऐक. त्या दिवशी खाडीत पांढऱ्या पोटाची मासळी तरंगत आली होती, वरच्या कारखान्यांचं पाणी सुटलं होतं. जाळं झटकत ते म्हणाले, "ही खाडी आता दहा वर्षांची पन नाय. त्याला होडी करून देऊ, नि तो हितंच अडकंल. तो आपनहून जायचा नाय, त्याला हाकलायला पायजे." मी म्हटलं, मग नीट सांगा त्याला. तर म्हणाले, नीट सांगितलं तर ऐकणार नाही. एवढं डोकं असलेला माणूस, आणि धाकट्या भावाला घालवायला त्याला अपमानाशिवाय दुसरी वाट सापडली नाही. त्या वेळी ते मला चतुराईचं वाटलं. आता वाटतं, तेव्हा तुला हाताला धरून खाजणात नेलं असतं, ती मेलेली मासळी दाखवली असती, तर तू आपणहून गेला असतास आणि सणाला परतही आला असतास.

देवळाचं काम जोरात आहे. मागे कुणीतरी भिंतींना सिमेंट फासलं होतं, ते सगळं खरवडून काढलं. आत पाणी धरून बसलेलं. आता चुना लावायचा आहे. चुना भिजत घातलाय, त्यात गूळ पडतो. कॉलनीतल्या बायका सुट्टीच्या दिवशी येतात, रबरी हातमोजे घालून घमेली उचलतात. आपल्या कोळणी त्यांना हसतात आणि त्या आपल्या कोळणींच्या हसण्याला हसतात. जे साहेब प्रॅक्टिकल व्हा म्हणत होते तेही खरवडायला आले होते, आणि डोक्यावर खपली पडली तरी काही बोलले नाहीत.

वहिनी


मोरणबंदर
२८ जानेवारी १९९०

चि. उत्तम,

तुळई चढली.

पाडव्यानंतर सुरू केलेलं काम, पण भिंतींची माथी बांधून घेण्यात सगळा पावसाळा आणि दिवाळी गेली. शेवटी चढली. साखळीचा कप्पा लावून वर घेतली, आणि दोन्ही टोकं भिंतीतल्या खोबणीत बसवायची होती. एका टोकाला दादा होते. दुसऱ्या टोकाला घरचा माणूस असावा लागतो, तो नव्हता. इनास मास्तर म्हणाले, मी उभा राहतो. वय बघ त्यांचं. पण राहिले, आणि त्यांच्याबरोबर देवळाची तरणी पोरं. बसली एकदाची. खालून बघितलं तर जिथे होडीचे खिळे होते तिथली भोकं ओळीने दिसतात. फादर म्हणाले, ती बुजवू नका.

दादांच्या हाताला जरा लागलं. विशेष काही नाही. सिव्हिलमध्ये पट्टी केली.

या वेळी जास्त लिहीत नाही, स्वयंपाक आणि बाकीचं सगळं मलाच बघावं लागतं. तुझी प्रकृती सांभाळ. संक्रांतीचा तिळगूळ पाठवायचा राहिला.

वहिनी


मोरणबंदर
२२ एप्रिल १९९०

चि. उत्तम,

ईस्टरला देऊळ उघडलं. पण हे मी तुला का सांगते आहे? इनास मास्तर म्हणाले, तू आला होतास. दाराजवळच्या खांबाला टेकून उभा होतास, पांढरा शर्ट होता, वर बघत होतास. ते तुला हाक मारायला गर्दीतून निघाले, तोवर तू गेला होतास. मास्तर आता म्हातारे झालेत, त्यांचा चष्माही जुना. तरीपण मला माहीत आहे की तो तूच. दुसरं कोण मिस्सा सोडून छपराकडे बघत बसेल?

म्हणजे वास तुलाही आलाच असेल. तुझ्या दादांचा प्रताप. तुळई चढायच्या आधी त्यांनी तिला मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळून चोळून पाजलं, होडीला पाजतो तसं. कुणाला विचारलं नाही. लाकडाला तेल पाजायचं असतं, यात विचारायचं काय? कोळ्याच्या डोक्यात दुसरं काही येणारच नाही. इंजिनियर म्हणाला, लाकडाला उत्तम, आता वाळवी फिरकायची नाही. पण ऊन तापलं तसं सगळ्या देवळात मासळी बाजार दरवळायला लागला. ईस्टरला बायका नव्या साड्या नेसून, अत्तर लावून आलेल्या, त्यांच्या नाकाला रुमाल. दोन मांजरं वेदीसमोर येऊन बसली, ती काही केल्या हलेनात. कॉलनीतली मंडळी कुजबुजू लागली. फादर व्यासपीठावर उभे राहिले, दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाले, "येशूचे पहिले शिष्य कोळी होते. त्यांच्या कपड्यांनाही हाच वास येत असणार." मग मात्र सगळे हसले. साहेबही हसले.

दादा आत आले नाहीत. बाहेर पिंपळाच्या पारावर बसून होते, उपरण्याखाली हात घेऊन. फादर आणायला गेले तर म्हणाले, आपलं काम छपराचं, छपराखालचं तुमचं. नारळ त्यांनी इनास मास्तरांच्या हातात दिला. मान आपला, पण फोडला मास्तरांनी. लोकांना वाटलं, दादा मोठ्या मनाचे.

बालवाडी पुन्हा भरते. औषधाचं कपाट जुन्या जागी आलं. मंगळवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला आपल्या बायका मेणबत्त्या घेऊन जातात तशा जाऊ लागल्या. सगळं पूर्वीसारखं झालं आहे. मी भाकरी कुस्करून ठेवते आणि मग पडवीत जाऊन मुलांचं ऐकत बसते.

तू दारापर्यंत आलास नि घरी आला नाहीस. मास्तरांनी हे दादांसमोरच सांगितलं. संध्याकाळी दादांनी मला विचारलं, "खांबाला टेकलेला, तो तब्येतीनी कसा दिसत होता म्हनत होते मास्तर?"

वहिनी


मोरणबंदर
१८ नोव्हेंबर १९९०

चि. उत्तम,

तुझं पत्र आलं. कार्ड नव्हे, पत्र, दोन पानं भरून. मी आधी एकटीने वाचलं, मग दादांना वाचून दाखवलं. तू लिहिलंस की तू ईस्टरला आला होतास, खिळ्यांची भोकं बघितलीस आणि 'मनुबाई' ओळखलीस, आणि त्यानंतर तुला कामात लक्ष लागेना. लिहिलंस, "दादाला सांग, माझ्या नावाचं लाकूड काढ आणि तुझी होडी कर. मी आनंदाने देतो. मी तेव्हाच द्यायला हवं होतं."

ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी मला सांगितलं, "त्याला लिव, पत्र पोचलं, बरा वाटला. होडी करतंय म्हनावं. सवडीनी करीन." हा त्यांचा निरोप. सांगितला तसा लिहिला.

यापुढचं माझं आहे. ते घरात नाहीत, देवळात गेलेत. रोज जाऊन छपराखाली उभे राहून येतात.

उत्तम, तुझे दादा होडी करू शकत नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली आहे, मधलं सगळं सिव्हिलमध्ये काढून टाकलं. जानेवारीत मी तुला लिहिलं, जरा लागलं, ते खोटं होतं. तुळई खोबणीत बसताना ते हाताने वळवून देत होते. दुसऱ्या टोकाला देवळाची पोरं, जीव तोडून काम करणारी, त्यांचा काही दोष नाही. तुला ठाऊक आहे, कणा उतरवताना पलीकडच्या टोकाच्या माणसाने लाकडाकडे बघायचं नसतं, दादांच्या तोंडाकडे बघायचं असतं. त्यांनी मान हलवली की मग दोर सोडायचा. तू लहानपणापासून तेच करायचास. त्या पोरांना हे कोण सांगणार? ती लाकडाकडे बघत होती. लाकूड जागेवर आलेलं दिसलं, त्यांनी सोडलं.

वरून त्यांनी हूं का चूं केलं नाही. मला नंतर कळलं, त्यांनी आधी तुळई सरळ बसली का ते बघितलं.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य मला बोलले ते हे, "उत्तमला कलवायचं नाय. तो म्हनंल, मी असतो तं." मी शब्द दिला आणि इतके महिने पाळला. तुला पत्रात हसवत राहिले. ते पारावर उपरण्याखाली हात घेऊन का बसले होते, नारळ मास्तरांनी का फोडला, मी भाकरी का कुस्करते, हे तुला आता कळेल. रागाव माझ्यावर. तुझा हक्क आहे. पण मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तू तिथे नव्हतास कारण त्यांनी तुला घालवलं होतं, आणि त्यांनी घालवलं कारण तू जगावास. मी हे कितीही वेळा मनात फिरवून बघते, कुठेच कुणाला धरता येत नाही. नुसतं वाईट वाटतं.

शब्द मोडायचं कारण सांगते. तुझं पत्र आल्यापासून ते डाव्या हाताने तासणी धरून बघतात. मी घरात नसते तेव्हा. परवा दारातून पाहिलं, फळकुट पायाखाली धरून तासत होते, ते निसटून लांब गेलं, ते उठून घेऊन आले आणि परत बसले. तुला होडी करतो म्हणून सांगितलंय ना, मग ते करणारच. पडतील, आणखी काहीतरी कापून घेतील. आणि ज्या दिवशी जमत नाही असं त्यांना स्वतःशी कबूल करावं लागेल, त्या दिवशी ते संपतील. मी त्यांना ओळखते.

म्हणून तू ये. पत्र नको, माणूस हवा. शीळफाट्याहून गाडी धर किंवा कशीही ये, पण सुट्टी काढून ये. आलास की हाताबद्दल काही विचारू नकोस, डोळ्यात पाणी आणू नकोस, पाया पडायचं तर पड. मग म्हण, दादा, मी लाकूड काढायला आलोय, मला तुझ्यासारखं येत नाही, तू बस आणि सांग. ते नाही म्हणतील. तू हत्यार उचल, आणि मुद्दाम चुकीचं धर.

मग बघ. ते ओरडतील. प्रत्येक घावाला ओरडतील, तुझा बाप काढतील आणि तो त्यांचाही बाप आहे हे विसरतील, तुझ्या हातात हत्यार शोभत नाही म्हणतील. गाव ऐकेल. त्यांना ओरडू दे, उत्तम. ज्याच्यावर हक्काने ओरडावं असं त्यांना इतकी वर्षं कुणी नव्हतं.

तुझी,
वहिनी